परवान्यात पूल आहे, माणूस नाही

महामार्गावरून रात्रीच्या वेळी मुंगीच्या पावलाने सरकणारा शंभर-सव्वाशे चाकांचा ट्रेलर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यावर वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर असतो, कारखान्याचा बॉयलर असतो, कधी पवनचक्कीचे लांबलचक पाते असते. पुढे लाल झेंडे लावलेली पायलट जीप, मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग आणि त्या रांगेतून निघणाऱ्या शिव्या. शिव्या देऊन झाल्या की वाट मिळते आणि आपण पुढे निघून जातो. पण थोडे थांबून कुणी वर पाहिले, तर त्या ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर बसलेली दोन पोरे दिसतील. अंगात फाटका बनियन, पायात रबरी चप्पल आणि हातात बांबू. रस्त्यावर आडवी आलेली विजेची तार बांबूने वर उचलायची, ट्रेलर खालून जाऊ द्यायचा आणि तार सोडून पुढच्या तारेची वाट पाहायची, हे त्यांचे काम. आजचा हा लेख त्या पोरांबद्दल आहे. आणि त्या ट्रेलरला रस्त्यावर आणणाऱ्या सरकारी कागदाबद्दल आहे, ज्यात या पोरांचे नावही नसते.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 113 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन वाहन चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 चा नियम 93 वाहनाचे आकारमान ठरवतो. रुंदी 2.6 मीटर आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर मालवाहू ट्रकची उंची 4 मीटर. या चौकटीबाहेर जो माल जातो त्याला वाहतूकदारांच्या भाषेत ‘ओडीसी’ म्हणतात. ओडीसीला विशेष परवानगी लागते. परवानगी नसताना असा माल नेला तर 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 खाली 20 हजार रुपये दंड आहे. जादा वजन असेल तर त्यावर प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये. शिवाय जादा माल जागेवर उतरवल्याशिवाय गाडी पुढे हलवायची नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने या मुद्यावर काही राज्य सरकारांचे कान उपटले होते. जादा भाराबद्दल रक्कम वसूल करायची आणि त्याच भारासह गाडी पुढे सोडायची, असा धंदाच सुरू झाला होता. पैसे भरले म्हणून बेकायदा वजन कायदेशीर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

हा कायदा रास्त आहे. त्यामागे शास्त्र आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की एका एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे 16 पट होते. म्हणून जड मालाच्या ट्रेलरला शंभरावर चाके असतात. ती ऐट नव्हे. वजन वाटून देण्याची सोय आहे. पूल मात्र चाके मोजत नाही. पुलाच्या गाळ्यावर एका वेळी एकूण किती वजन उभे राहते हे तिथे महत्त्वाचे. इंडियन रोड्स काँग्रेसने 2014 मध्ये आपल्या संहितेत 385 टनांच्या विशेष वाहनाचा भार घातला. 20 एक्सलचा ट्रेलर आणि तो ओढणारा पुलर मिळून 385 टन. त्याआधी बांधलेले पूल हा भार गृहीत धरून बांधलेलेच नाहीत. म्हणून परवानगी देताना वाटेतला प्रत्येक पूल तपासायचा, पुलावर ताशी 5 किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही, ट्रेलर रस्त्याच्या मध्यरेषेवरून न्यायचा, त्या वेळी पुलावर दुसरे वाहन येऊ द्यायचे नाही आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही, अशा अटी घातल्या जातात. शिवाय पुलाचे नुकसान झाले तर ते भरून देण्याचे हमीपत्र वाहतूकदाराकडून आधीच लिहून घेतले जाते.

या अटी कशासाठी असतात ते 10 एप्रिल 2022 रोजी सगळ्यांना दिसले. भोपाळ-नागपूर महामार्गावर इटारसीजवळ सुखतवा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल 138 चाकांच्या ट्रेलरखाली कोसळला. हैदराबादहून अवजड यंत्र घेऊन तो ट्रेलर इटारसीकडे निघाला होता. विदर्भाला मध्य प्रदेशाशी जोडणारा हा रस्ता. पूल पडला, बातम्या झाल्या, दिल्लीपर्यंत फोन वाजले. पूल ही राष्ट्राची मालमत्ता आहे, तिची काळजी घेतलीच पाहिजे, यात आमचे दुमत नाही.

आमचा सवाल वेगळा आहे. परवानगीच्या या सगळ्या कागदांत माणूस कुठे आहे? परवानगी एका खात्याची नसते. राष्ट्रीय महामार्गाच्या पुलांसाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. राज्य मार्ग आला की सार्वजनिक बांधकाम खाते. गावाजवळ जिल्हा परिषदेचा रस्ता, शहरात महापालिका. वाहनासाठी आरटीओ, बंदोबस्तासाठी वाहतूक पोलीस, रूळ ओलांडायचे तर रेल्वे, तारांसाठी महावितरण किंवा महापारेषण. प्रत्येक खाते अर्ज घेते, शुल्क घेते, अटी घालते. बांधकाम खाते पूल जपते, रेल्वे आपली ओव्हरहेड तार जपते, महापालिका आपले दिव्याचे खांब जपते, पोलीस वाहतूक जपतात. ज्याची जी मालमत्ता, त्याने ती जपली. ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर बसलेला पोरगा कोणाच्याच मालमत्तेत मोडत नाही. म्हणून त्याच्यासाठी अट नाही.

आता तारेचे गणित पाहा. भारतीय वीज नियम 1956 पासून चालत आलेले आणि पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाने कायम ठेवलेले मोजमाप असे, की रस्ता ओलांडणारी साधी घरगुती दाबाची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर आणि 11 हजार व्होल्टची तार किमान 6.1 मीटर उंच हवी. कायदेशीर ट्रक 4 मीटरचा. म्हणजे मधे पावणेदोन-दोन मीटरची मोकळी जागा कायद्यानेच ठेवलेली आहे. ट्रेलरच्या पाट्यावर चढलेला मोठा ट्रान्सफॉर्मर मात्र पाच मीटरच्या वर सहज जातो. त्याच्या माथ्यावर माणूस बसला की त्याचे डोके कुठे येते, याचा हिशेब शाळेतले पोरही करील. शिवाय नियमातली उंची कागदावर असते. गावाबाहेरची तार उन्हाळ्यात झोळते, खांब कलतात, रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून रस्ताच वर येतो. बांबू कोरडा असला तर एखादे वेळी वाचवतो. दवाने भिजलेला बांबू वाचवत नाही. आणि 11 हजार व्होल्टच्या तारेच्या बाबतीत बांबूचा भरवसा धरणे म्हणजे आत्महत्याच. तिथे तार अंगाला लागण्याचीही गरज नसते, पुरेशी जवळ आली तरी विजेची झेप बसते.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. उपाय वीज खात्यातल्या कोणत्याही लाइनमनला तोंडपाठ आहे. त्या वाहिनीचा वीजपुरवठा रीतसर बंद करायचा, ती बंद असल्याची खात्री करून भूमी जोडणी करायची आणि मग शिकलेल्या माणसाने तार उचलायची किंवा सोडवायची. उघड्या तारांखालून लांब-उंच सामान न्यायचे तर जबाबदार माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच न्यावे, असेही वीज सुरक्षेच्या नियमांत जुन्या काळापासून आहे. मग हे होत का नाही? कारण पैसा आणि वेळ. वीज बंद करायची म्हणजे आधी अर्ज, शुल्क, तारीख आणि लाइनमन येईपर्यंत थांबणे. शंभर किलोमीटरच्या वाटेत अशा तारा ठिकठिकाणी येतात. ट्रेलर एक दिवस उभा राहिला की त्याचे भाडे, पुढे ठरलेल्या क्रेनचे भाडे आणि मुदत चुकल्याचा दंड वाहतूकदाराच्या डोक्यावर बसतो. त्यापेक्षा पाच-सहाशे रुपये रोजाची दोन पोरे वर चढवणे स्वस्त पडते. हा सगळा हिशेब मालवाहतुकीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माल पाठवणारी कंपनीसुद्धा तो जाणून असते. पण करार करताना तिकडे पाहत नाही.

वाहतूकदारांची बाजू आम्हाला कळत नाही असे नाही. आठ-दहा खात्यांचे उंबरे झिजवायचे, एकाची परवानगी हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते आणि मधेच नाक्यावर कोणी साहेब ‘हे चालणार नाही’ म्हणून गाडी बाजूला घ्यायला लावतो. गाडी बाजूला का घेतली आणि पुन्हा रस्त्यावर कशी आली, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. आठवडेच्या आठवडे ट्रेलर शहराबाहेर उभा राहतो. चालक-क्लीनर त्याच्याच सावलीत स्वयंपाक करतात, त्याच्याच खाली झोपतात. ही पिळवणूक थांबली पाहिजे. पण वरच्याने खालच्याला पिळले म्हणून खालच्याने आणखी खालच्याच्या जिवावर भरपाई करून घ्यावी, हे आम्हाला मान्य नाही.

इच्छा असली की यंत्रणा काय करू शकते, याचे उदाहरण याच महाराष्ट्रातून निघालेले आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे 70 टन वजनाचे ऑटोक्लेव्ह यंत्र 8 जुलै 2019 रोजी महाराष्ट्रातून निघाले आणि 19 जुलै 2020 रोजी तिथे पोचले. एक वर्षाचा प्रवास! सोबत 32 माणसांचे पथक. वाटेत तारा बाजूला केल्या गेल्या, झाडे तोडली गेली, रस्ते दुरुस्त केले गेले. टाळेबंदीत आंध्र प्रदेशात महिनाभर गाडी अडकली. आणखी एक उदाहरण. तमिळनाडूतून बंगळुरूच्या एका मंदिरासाठी विष्णूमूर्तीची सुमारे साडेतीनशे टनांची अखंड शिळा 240 चाकांच्या ट्रेलरवरून 2018-19 मध्ये नेली गेली. तिच्यासाठी तात्पुरते पूल बांधले गेले आणि वाटेतल्या लोकांची दुकाने, घरांचे भाग पाडले गेले. एका दगडाला वाट करून देण्यासाठी माणसांची घरे पाडण्याइतपत शासनाची लवचिकता असेल, तर दोन पोरांना खाली उतरवून अर्धा तास वीज बंद ठेवणे हे काय अशक्य काम आहे?

या कामावर किती माणसे मेली, असा प्रश्न आम्हाला विचारला जाईल. सरकारी आकडेवारीत विजेच्या धक्क्याने मेलेल्यांचा रकाना आहे. त्यात ट्रेलरवरून तार उचलताना मेलेल्यांची वेगळी ओळ नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, प्रेत गावी जाते. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रश्न नाही आणि प्रश्न नाही म्हणून परिपत्रक नाही! वर चढणारी पोरे कोण असतात हे मात्र सांगायला आकडेवारी लागत नाही. ती मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली असतात, आमच्या वस्त्यांतली असतात, आदिवासी पाड्यांवरची असतात, बिहार-झारखंडातली असतात. ज्या कामात जीव जाऊ शकतो आणि ज्याला नियुक्तीपत्र लागत नाही, असे काम या देशात कोणाच्या वाट्याला येते, हे आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको.

वकील म्हणून अशा प्रकरणांत उभे राहताना आम्हाला ठरावीक उत्तरे ऐकावी लागतात. ट्रेलरमालक म्हणतो, तो माझा नोकर नव्हता, मुकादमाने आणला होता. मुकादम सापडत नाही. माल पाठवणारी कंपनी म्हणते, आमचा करार वाहतूकदाराशी. विमा कंपनी म्हणते, मालवाहू वाहनातला फुकटा प्रवासी विम्यात बसत नाही. 2003 पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा दंडक आहेच. बांबू हातात घेऊन ट्रान्सफॉर्मरवर बसलेला पोरगा हा फुकटा प्रवासी! जणू हौस म्हणून रात्री दोन वाजता तो हवा खायला वर चढला होता. तो कामगार होता हे सिद्ध झाले की चित्र पालटते, कारण मालवाहू वाहनावरच्या कामगाराची जबाबदारी विम्यात धरलेली असते. पण सिद्ध कशाने करायचे? हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, बँकेत जमा नाही. सोबतचा पोरगा साक्ष द्यायला आला तर त्याचा रोज बंद होतो.

नव्या श्रमसंहितांनी यात काय केले? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार संहिता लागू झाल्या. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे, तिचे स्वागत आहे. पण 1961 चा कायदा पाच कामगार असलेल्या मोटार परिवहन उपक्रमाला लागू होता. नव्या संहितेने ती संख्या दहावर नेली. दोन पुलर, दोन चालक, दोन क्लीनर आणि वर चढवायला दोन पोरे, एवढ्या संसारावर ओडीसीचा धंदा करणारे लहान वाहतूकदार या उंबरठ्याखालून सहज निसटतात. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हा श्रम आणि वीज हे दोन्ही विषय त्यांच्या एकाच खात्यात येत होते. आज वीज एका मंत्रालयात, श्रम दुसऱ्यात, रस्ता तिसऱ्यात. आणि वरच्या पोरासाठी चौथे मंत्रालय नाही.

इथे उसाच्या ट्रॉल्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असे डोंगर रस्त्याने चालतात. तेही नियम 93 च्या चौकटीबाहेरच असतात. पण त्यांना ना परवानगी मागावी लागते, ना कलम 194 आठवते. कारखाना कोणाचा आणि संचालक कोण, हे आरटीओला ठाऊक असते. ट्रान्सफॉर्मरला निदान कागद तरी लागतो. उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या कोयत्याच्या कुटुंबाला तोही नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि हंगामाच्या तोंडावर तो आम्ही लिहूच.

आमची मागणी साधी आहे. त्यासाठी नवा कायदा नको, संसदेत गोंधळ नको. पुलाच्या भरपाईचे हमीपत्र ज्या प्रशासकीय आदेशाने घेतले जाते, तशाच आदेशाने माणसाची हमीही घेता येते. परवानगीच्या अर्जात चालक-क्लीनरसह ट्रेलरसोबत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, मालकाचे नाव आणि विम्याचा क्रमांक लिहिला गेला पाहिजे. ते नाव त्या कागदावर आले की उद्या ‘तो माझा नोकर नव्हता’ म्हणायला जागा राहणार नाही. प्रवास चालू असताना मालाच्या माथ्यावर कोणीही बसणार नाही, ही अट लाल झेंड्याच्या अटीइतकीच ठळक हवी. मार्गाची पाहणी करताना जसे पूल मोजतात तसे तारांचे प्रत्येक छेद मोजावेत आणि जिथे मोकळी जागा अपुरी आहे तिथे वीज बंद केल्याची वेळ लिहून लाइनमनची सही घ्यावी. सही नसेल तर पुढच्या नाक्यावर गाडी थांबवावी. पाच मीटर उंचीच्या मालाचे भाडे लाखांत असते. त्यात या खर्चाने वाहतूकदार बुडणार नाही. आणि माल ज्याचा आहे त्या कंपनीलाही परवानगीच्या कागदावर जबाबदार धरले पाहिजे. या देशातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे गिऱ्हाईक बहुतेक वेळा सरकारी वीज कंपन्याच असतात. त्यांनी आपल्या निविदेत हे कलम उद्यापासून घातले तरी निम्मे काम होईल.

तोवर आपल्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असा अपघात आपल्या भागात झाला तर प्रेत गावी नेण्याच्या घाईत कागद सोडू नका. ट्रेलर आणि पुलर दोन्हींचे क्रमांक, सोबतच्या पायलट गाडीचा क्रमांक आणि मालावरच्या पाटीचा फोटो घ्या. पंचनाम्यात बांबूचा उल्लेख आलाच पाहिजे. तो कामाचा पुरावा आहे. त्या प्रवासाच्या परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि ती एका खात्याकडे न मागता वाटेतल्या प्रत्येक खात्याकडे मागा. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 161 खाली अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. त्याचा चौकशी अहवाल मागा. तार नियमापेक्षा खाली झोळलेली असेल तर वीज कंपनीची जबाबदारी टळत नाही. उघड्या विजेने माणूस मेला तर चूक कोणाची हे न पाहताही वीजपुरवठा करणारा जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले आहे. ट्रेलर उभा होता, चालू नव्हता, म्हणून हा मोटार अपघात नव्हे असे कोणी म्हणाले तर दबू नका. 1987 साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट होऊन माणसे मेली, त्या प्रकरणात ‘वाहनाचा वापर’ या शब्दांचा व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच लावलेला आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कामगार नुकसानभरपाई या दोन्ही ठिकाणी भरपाई मिळत नाही, एकच वाट निवडावी लागते; ती वकिलाशी बोलून निवडा. न्यायाधिकरणात जायचे तर 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा.